वाफेवर उडणारं विमान आणि एका गाण्याची कमाई

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना तोंडातून गेलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे छाटलेत. सगळे नाही.

आज एका अल्बमची गोष्ट. १९७१ साल, अमेरिकेतलं नॅशव्हिल शहर, अल्बमचं नाव 'एअरिओ-प्लेन', आणि तो करणाऱ्याचं नाव जॉन हार्टफर्ड. इंग्रजीत नावाचं स्पेलिंगही मुद्दाम वाकडं केलंय. तुमच्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसणार. मीही दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ऐकलं नव्हतं.

मी या अल्बमपर्यंत कसा पोचलो ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय मी आज पैशांबद्दल एवढं का बोलतोय ते कळणार नाही. इंजिनिअरिंगला असताना आम्ही तिघं मिळून गाणी करायचो. दुसऱ्यांची नाही, स्वतःची. सहा गाणी झाली होती. मग प्लेसमेंट झाली, तीन शहरं झाली, आणि व्हॉट्सॲपवरच्या 'अल्बम' नावाच्या ग्रुपवर वाढदिवसाचे केक तेवढे उरले. दोन महिन्यांपूर्वी त्यातल्या एकाचा रात्री साडेअकराला फोन आला. म्हणाला, "मी राजीनामा टाकतोय. ती सहा गाणी पूर्ण करायची, अजून सहा लिहायची. तू येतोस का?" मी म्हटलं, "उद्या बोलू." माझ्याकडे घराचा हप्ता आहे, आणि त्याच्याकडे सात महिने पुरतील एवढे पैसे आहेत. तो उद्या अजून आलेला नाही.

त्या रात्री झोप येईना म्हणून काहीबाही ऐकत पडलो होतो. ॲपने एकामागून एक लावत लावत हा अल्बम लावला. पहिल्या दहा मिनिटांत मला वाटलं, ही माणसं काय मजा करतायत राव! मग वाटलं, यांचे हप्ते कोण भरत होतं? मी इतिहास शोधायला लागलो तो या प्रश्नामुळे.

आधी ब्लूग्रास म्हणजे काय, हे थोडक्यात.

हे लोकसंगीत आहे असं बरेचजण समजतात, पण याला जन्मतारखेच्या आसपासचं काहीतरी आहे. बिल मन्रो नावाचा मँडोलिनवादक, केंटकी राज्याचा. केंटकीला 'ब्लूग्रास स्टेट' म्हणतात म्हणून त्याच्या बँडचं नाव 'ब्लू ग्रास बॉइज', आणि बँडच्या नावावरून संगीताचं नाव. १९४५ च्या डिसेंबरात त्याच्या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज नावाचा २१ वर्षांचा पोरगा बँजो वाजवायला आला आणि सगळं पालटलं. बँजो हे मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी अमेरिकेत घडवलेलं वाद्य. स्क्रग्जने ते अंगठा आणि दोन बोटं अशा तीन बोटांनी इतक्या वेगात वाजवलं की स्वर धबधब्यासारखे कोसळायला लागले. बँजोला पाच तारा असतात, त्यातली पाचवी तोकडी. ती दांड्याच्या मध्यापर्यंतच जाते आणि अंगठ्याखाली एकच वरचा सूर सतत छेडत राहते. आपल्या कानाला ती लगेच ओळखीची वाटते, कारण एक सूर धरून ठेवणं आपण तंबोऱ्यात रोज ऐकतो. फरक एवढाच की तंबोरा निवांत असतो आणि इथे त्या सुराला दम खायला वेळ नसतो.

या बँडमध्ये ड्रम नसतात. ताल कोण धरतं? मोठा उभा बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर ठोका देतो, मँडोलिन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर 'चक' असा कोरडा आवाज काढते. मधल्या जागेत गिटार, बँजो आणि फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच. प्रत्येकजण पाळीपाळीने पुढे येतो, आपली करामत दाखवतो, मागे सरतो. त्याला 'ब्रेक' म्हणतात. आणि डोब्रो हे सहावं भावंड. पोटात धातूची थाळी बसवलेली गिटार, मांडीवर आडवी घेऊन तारांवर लोखंडी कांडी सरकवत वाजवायची. जुन्या हिंदी गाण्यांत हवाईयन गिटारचे जे मींडदार तुकडे ऐकू येतात ना, त्याच घराण्यातली.

आता हार्टफर्ड. जन्म ३० डिसेंबर १९३७, न्यूयॉर्कमध्ये, पण वाढला मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुईस शहरात. वडील डॉक्टर. याच्या डोक्यात पोरवयापासून दोनच वेडं: नदीवरच्या वाफेच्या बोटी आणि अर्ल स्क्रग्जचा बँजो. आडनाव खरं 'हार्फर्ड', मधला 'ट' नंतरचा, चेट ॲटकिन्सच्या सांगण्यावरून घातलेला. चेट ॲटकिन्स म्हणजे आरसीए कंपनीचा नॅशव्हिलमधला मोठा निर्माता आणि स्वतः अफलातून गिटारवादक. १९६५ ला हार्टफर्ड नॅशव्हिलला आला आणि आरसीएसाठी रेकॉर्ड करायला लागला.

एके दिवशी तो 'डॉक्टर झिवागो' सिनेमा बघून घरी आला, आणि अर्ध्या तासाच्या आत त्याने एक गाणं लिहून टाकलं: 'जेंटल ऑन माय माइंड'. मुखडा नाही, एकामागून एक लांबलचक ओळींची कडवी. एका भटक्याची आठवण, एवढाच विषय. १९६७ मध्ये हार्टफर्डने ते स्वतः गाऊन रेकॉर्ड केलं. ग्लेन कॅम्पबेलने ते रेडिओवर ऐकलं आणि त्याच वर्षी आपलं रेकॉर्डिंग केलं. पुढे एल्व्हिस प्रेस्ली, फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन, अरीथा फ्रँकलिन, सगळ्यांनी ते गायलं. १९६८ च्या ग्रॅमी सोहळ्यात हार्टफर्डला या एका गाण्यासाठी दोन ग्रॅमी मिळाले.

इथे मला जरा थांबायचंय. कारण माझ्या फोनवाल्या मित्राचा प्रश्न इथेच अडकलाय.

अमेरिकेत त्या काळी रेकॉर्डची एक प्रत विकली गेली की प्रत्येक गाण्यामागे गाणं लिहिणाऱ्याच्या बाजूला दोन सेंट मिळायचे. हा दर १९०९ च्या कायद्यातला, आणि तो १९७८ पर्यंत तसाच राहिला. सत्तर वर्षं जवळजवळ! महागाई कुठल्या कुठे गेली, दोन सेंट ते दोनच सेंट. त्या दोनातला साधारण अर्धा वाटा प्रकाशकाचा. म्हणजे दहा लाख प्रती गेल्या तर वीस हजार डॉलर, त्यातले दहा हजार लेखकाचे. वाईट नाही, पण यावर माणूस आयुष्यभर मोकळा होत नाही.

खरी गंमत रेडिओत आहे. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते गाणं रचणाऱ्याला आणि प्रकाशकाला. गाणाऱ्याला नाही. वाजवणाऱ्यांनाही नाही. साध्या रेडिओच्या बाबतीत आजही तसंच आहे. म्हणजे देशभर ग्लेन कॅम्पबेलचा आवाज वाजतोय आणि पैसे जॉन हार्टफर्डच्या खात्यात पडतायत. सिनात्राची रेकॉर्ड वाजली, तरी हार्टफर्ड. एल्व्हिस, तरी हार्टफर्ड. अर्ध्या तासात लिहिलेलं गाणं, आणि झोपेतही मीटर चालू. (आपल्याकडे सिनेमाच्या गाण्यांचे गीतकार-संगीतकार रॉयल्टीसाठी किती भांडले आणि २०१२ ला कायद्यात दुरुस्ती व्हावी लागली, तो वेगळा एपिसोड होईल.)

हार्टफर्ड स्वतः सांगायचा की या गाण्याने त्याला स्वातंत्र्य विकत घेऊन दिलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला 'पॅसिव्ह इन्कम' म्हणतो आणि ज्याच्यावर रोज संध्याकाळी कुणीतरी रील टाकतं, ते या माणसाकडे खरोखर होतं.

पण मला तो आवडायला लागला तो पुढच्या भागामुळे. पैसा आला, मग लॉस एंजेलिस आलं, टीव्ही आला. आधी 'स्मदर्स ब्रदर्स कॉमेडी अवर'मध्ये लेखक आणि कलाकार, मग १९६९ पासून 'ग्लेन कॅम्पबेल गुडटाइम अवर'. कार्यक्रमाच्या सुरुवातीला प्रेक्षकांतून एक सडपातळ माणूस बँजो घेऊन उठतो आणि 'जेंटल ऑन माय माइंड'ची सुरुवात छेडतो, तो हा. घराघरांत चेहरा पोचला. एका टीव्ही मालिकेत डिटेक्टिव्हची मुख्य भूमिका समोर आली. त्याने नाही म्हटलं, केस-दाढी वाढवली आणि नॅशव्हिलला परत आला.

आणि परत येऊन काय केलं? चार वादक गोळा केले. या चौघांबद्दल नीट सांगतो, कारण पोस्टरवर नाव एकाचं असलं तरी हा अल्बम बँडचा आहे.

गिटारवर नॉर्मन ब्लेक. जॉर्जियाच्या खेड्यात वाढलेला, जॉनी कॅशच्या टीव्ही कार्यक्रमात वाजवणारा, बॉब डिलनच्या 'नॅशव्हिल स्कायलाइन'वरही वाजवलेला. त्याचं वादन ऐका. प्रत्येक सूर सुटा आणि स्वच्छ, पाटीवर पेन्सिलने काढलेल्या अक्षरासारखा. घाई असली तरी घाई दिसत नाही.

फिडलवर व्हॅसर क्लेमन्ट्स. हा शिकला आपलं आपण, आणि विशीच्या सुमारास थेट बिल मन्रोच्या बँडमध्ये गेला. पण साठच्या दशकात तो संगीतातून बाहेर पडला होता आणि प्लंबिंगसकट मिळेल ती कामं करत होता. केप केनेडीच्या अवकाश केंद्रातही त्याने काम केलं. १९६७ ला नॅशव्हिलला परतला. हे वाचलं तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवला. अमेरिकेतल्या सर्वोत्तम फिडलवाल्यांपैकी एक, आणि पोटासाठी नळ जोडत होता.

डोब्रोवर टट टेलर. व्यवसायाने पाट्या रंगवणारा. दुकानांच्या पाट्या! शिवाय १९७० ला त्याने दोघांबरोबर नॅशव्हिलमध्ये जुन्या गिटारींचं दुकान काढलं होतं. बाकीचे डोब्रोवाले बोटांत नख्या घालून वाजवतात, हा एकाच चपट्या पिकने वाजवायचा. अशक्य वाटावं असं काम, पण त्याला दुसरं कुणी शिकवलंच नव्हतं.

आणि बासवर रँडी स्क्रग्ज, अर्लचा मुलगा. वय १७-१८. ज्या माणसाचा बँजो ऐकून हार्टफर्ड बिघडला, त्याचंच पोरगं आता त्याच्या बँडमध्ये. हार्टफर्ड स्वतः बँजो, गिटार, फिडल आणि गाणं.

निर्माता डेव्हिड ब्रॉमबर्ग, जो स्वतः पट्टीचा गिटारवादक. हार्टफर्डने त्याच्यावर काम सोपवलं ते असं: आम्ही वाजवतो, तू टेप चालू ठेव. मग कुठलं गाणं ठेवायचं, कुठलं टाकायचं, क्रम काय, तूच ठरव. मधे थांबून ऐकायचं नाही. आज आपण मोबाइलवर एक ओळ गातो, ऐकतो, पुसतो, परत गातो, बारा वेळा. ही माणसं वाजवत राहिली. स्वतःचं वादन ऐकून बिचकायला त्यांना वेळच दिला नाही. अर्थात याला पोटात खूप भरवसा लागतो, आणि बोटांत खूप वर्षं.

आता गाणी. एकूण सोळा तुकडे. सुरुवातीला आणि शेवटी आल्बर्ट ब्रम्ली यांचं जुनं भक्तिगीत 'टर्न युअर रेडिओ ऑन', आणि मध्ये 'लेदर ब्रिचेस' ही पारंपरिक फिडलची धून. जवळपास बाकी सगळा माल हार्टफर्डच्या घरचा. त्या काळच्या ब्लूग्रासमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. नवीन गाणी होत होतीच, मन्रोने स्वतः ढिगाने लिहिली. पण बऱ्याच बँडचा संसार त्याच त्या जुन्या गाण्यांवर चालायचा: डोंगरातलं घर, गेलेली आई, सोडून गेलेली पोरगी. अंगात सूट, डोक्यावर हॅट. हार्टफर्डने मुखपृष्ठावर छापला तो लांब केस, दाढी आणि जुन्या वैमानिकासारखे गॉगल चढवलेला स्वतःचा चेहरा. शहाण्या माणसाने या फोटोवर रेकॉर्ड विकत घेतली नसती.

आणि आत? 'स्टीम पॉवर्ड एअरिओ प्लेन'मध्ये तो कल्पना करतो की विमानं वाफेवर चालली असती तर काय झालं असतं. नदीवरचा पायलट आकाशात गेला असता. गंमत आहे, पण पोकळ नाही. एक अख्खं तंत्रज्ञान मोडीत निघतं तेव्हा त्याच्याबरोबर एक जगण्याची पद्धत जाते, ते दुःख त्याने विनोदात दडवलंय. 'बॅक इन द गूडल डेज'मध्ये तो चालू दिवसांकडेच उद्याच्या आठवणीसारखा बघतो. 'विथ अ व्हॅम्प इन द मिडल' हे गाणं गाण्याबद्दलच आहे. व्हॅम्प म्हणजे दोन-तीन कॉर्डचा छोटा तुकडा फिरवत राहायचं, पुढचं सुचेपर्यंत. गाणं आपली रचना स्वतःच सांगत जातं. प्रोग्रामरला हे फार आवडतं, काय करणार. 'होल्डिंग' गांजा ओढण्यावर आहे. आणि 'बूगी'मध्ये तो तोंडाने आणि घशाने जे आवाज काढतो ते घरच्यांसमोर स्पीकरवर लावू नका. मी लावलं होतं. आई स्वयंपाकघरातून बघायला आली.

खरं सांगू का, काही तुकडे मला नाही आवडले. 'बूगी' दुसऱ्यांदा ऐकवत नाही. पण तो तिथे असल्यामुळेच कळतं की या खोलीत 'हे चालेल का?' असं विचारणारा माणूस नव्हता.

अल्बमचं काळीज मात्र 'टेअर डाउन द ग्रँड ओल ऑप्री'. त्याची पार्श्वभूमी सांगतो. 'ग्रँड ओल ऑप्री' हा १९२५ पासून चालू असलेला रेडिओ कार्यक्रम, नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्राचा. हे केंद्र तेव्हा एका विमा कंपनीचं होतं. १९४३ पासून तो प्रेक्षकांसमोर व्हायचा रायमन ऑडिटोरियममध्ये. ही इमारत १८९२ ची, मूळची प्रार्थनेसाठी बांधलेली, लाकडी बाकांची, रंगीत काचांच्या खिडक्यांची. बांधणाऱ्याचं नाव थॉमस रायमन, आणि तो होता वाफेच्या बोटींचा मालक! हार्टफर्डची दोन्ही वेडं एकाच छपराखाली. त्याच रंगमंचावर १९४५ ला स्क्रग्ज पहिल्यांदा मन्रोशेजारी उभा राहिला होता.

तर साठच्या दशकाच्या शेवटी विमा कंपनीने ठरवलं: शहराबाहेर मोठं मनोरंजन उद्यान काढायचं, ऑप्री तिकडे न्यायचा. आणि जुनं रायमन पाडायचं, त्याच्या विटा वापरून उद्यानात एक छोटं प्रार्थनाघर बांधायचं. चाळ पाडून तिच्या जागी टॉवर उभा राहतो आणि लॉबीत चाळीचा फोटो लावतात, तसलाच प्रकार. हार्टफर्डने गाणं केलं ते या वेळी. ओरडून नाही, जवळजवळ उसासा टाकत. त्यात नुसती इमारत नाही, तिच्या आजूबाजूचा अख्खा रस्ता आहे. आणि मागे व्हॅसरचं फिडल. तो सूर धरतो आणि शेवटी थोडा खाली सोडतो, माणूस बोलता बोलता गप्प व्हावा तसा.

बरं, अल्बमचं पुढे काय झालं? विक्रीच्या दृष्टीने, फार काही नाही. वॉर्नर ब्रदर्स ही मोठी कंपनी, तिने 'जेंटल ऑन माय माइंड'वाला माणूस घेतला होता आणि हाती आलं हे. कंपनीने त्याची म्हणावी तशी जाहिरातच केली नाही. १९७२ ला 'मॉर्निंग ब्युगल' केला, त्यात नॉर्मन ब्लेकबरोबर बासवर चक्क डेव्ह हॉलंड, जो माइल्स डेव्हिसबरोबर वाजवायचा. त्याचंही तेच झालं. हार्टफर्ड वॉर्नरमधून बाहेर पडला.

आणि बँड? तोही फार टिकला नाही. हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. हार्टफर्डकडे गाण्याची रॉयल्टी होती, त्याला जाहिरात झाली काय आणि नाही काय, घरात चूल पेटणार होती. ब्लेककडे, क्लेमन्ट्सकडे, टेलरकडे तसलं गाणं नव्हतं. त्यांना रात्रीच्या कार्यक्रमाचे आणि स्टुडिओतल्या तासांचे पैसे लागत होते. एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच आनंदात वाजवणारी पाच माणसं, पण पायाखालची जमीन पाचांची वेगवेगळी. अल्बमच्या कौतुकात हे कुणी फारसं बोलत नाही. मी मित्राला फोनवर 'उद्या बोलू' म्हटलं तेव्हा माझ्या मनात नेमकं हेच होतं, फक्त मला ते शब्दांत सांगता येत नव्हतं.

त्याच १९७१ च्या ऑगस्टमध्ये, त्याच नॅशव्हिलमध्ये, 'निटी ग्रिटी डर्ट बँड'च्या केसाळ पोरांनी जुन्या दिग्गजांना बोलावून 'विल द सर्कल बी अनब्रोकन' हा तीन रेकॉर्डचा संच केला. वादकांत पुन्हा ब्लेक, क्लेमन्ट्स आणि रँडी स्क्रग्ज. त्यात जुनी, लोकांच्या तोंडची गाणी होती. तो प्रचंड गाजला. व्हॅसर क्लेमन्ट्सला त्याने नाव मिळवून दिलं, आणि १९७३ ला तो जेरी गार्सियाबरोबर 'ओल्ड अँड इन द वे'मध्ये दिसला. त्याचे प्लंबिंगचे दिवस संपले. जुनी गाणी खपली, स्वतःची खपली नाहीत. आता यावर चिडायचं की हसायचं, तुम्ही ठरवा. मी दोन्ही केलं.

पण 'एअरिओ-प्लेन' ज्यांनी विकत घेतला, ते बहुतेक वाजवणारे निघाले. १९७१ लाच लुईव्हिलमध्ये सॅम बुश आणि मंडळींनी 'न्यू ग्रास रिव्हायव्हल' सुरू केलं, ब्लूग्रासमध्ये रॉक आणि जॅझ मिसळणारं. बुश नंतर म्हणत आलाय की हा अल्बम आणि हा बँड नसता तर न्यूग्रास नावाची गोष्टच नसती. जुनी वाद्यं घेऊन आजच्या डोक्याने गाणं लिहायची परवानगी लागते, आणि ती कुणीतरी आधी स्वतःच घेऊन दाखवावी लागते.

हार्टफर्डने पुढे काय केलं ऐका. वॉर्नर सोडल्यावर तो खरंच बोटीवर गेला. नदीवरचा पायलट होण्याचं लायसन्स मिळवलं आणि 'ज्युलिया बेल स्वेन' नावाच्या वाफेच्या बोटीवर उन्हाळ्यात काम करू लागला. १९७६ ला शिकागोच्या 'फ्लाइंग फिश' या छोट्या कंपनीसाठी 'मार्क ट्वँग' केला. फक्त एक माणूस, एक बँजो किंवा फिडल, आणि पायाखाली प्लायवुडचा तुकडा, ज्यावर पाय आपटून तो ताल धरायचा. बँड परवडत नसेल तर पाय आहेतच! त्याला पुढच्या वर्षी लोकसंगीताच्या गटातला ग्रॅमी मिळाला.

आणि रायमन? ऑप्री १९७४ च्या मार्चमध्ये नव्या सभागृहात गेला. जाताना जुन्या रंगमंचाच्या लाकडाचा एक गोल तुकडा कापून नव्या रंगमंचात बसवला. तो आजही तिथे आहे. पण रायमन पाडलं नाही. लोकांनी एवढी बोंब मारली की कंपनीला हात आवरावा लागला. इमारत वीस वर्षं बरीचशी रिकामी पडून राहिली, आणि १९९४ ला दुरुस्त होऊन पुन्हा उघडली.

२००० च्या मे महिन्यात त्याच रायमनमध्ये एक कार्यक्रम झाला. 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या सिनेमातली गाणी गाणाऱ्यांचा. निवेदनाला उभा होता जॉन हार्टफर्ड, वय ६२, कॅन्सरने पोखरलेला. जी इमारत पाडणार म्हणून त्याने २९ वर्षांपूर्वी सुस्कारा सोडला होता, तिच्याच रंगमंचावर. त्या सिनेमाच्या अल्बमवर त्याचं फिडल आहे आणि नॉर्मन ब्लेकचा आवाज आणि गिटारही. ४ जून २००१ ला हार्टफर्ड गेला. पुढच्या फेब्रुवारीत त्या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी मिळाला. त्याच्या मागे फिडलच्या स्वतः रचलेल्या धुनांच्या वह्याच्या वह्या निघाल्या, त्यातल्या १७६ धुनांचं पुस्तक २०१८ ला छापलं गेलं. आणि २००२ ला 'एअरिओ-प्लेन'च्या त्या चालू ठेवलेल्या टेपमधलं उरलेलं संगीत वेगळ्या अल्बमच्या रूपात बाहेर आलं.

मित्राला मी शेवटी अल्बमची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, 'चौथा माणूस आपल्याकडे नाही, पण बास मी शिकू शकतो. शनिवार-रविवार. राजीनाम्याचं उत्तर माझ्याकडे नाही.' त्याने दोन दिवस काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला: 'बासवाला पोरगा १८ चा आहे? आणि तो मधे मधे किती कमी वाजवतो ते बघितलंस का?'

मी परत लावला. खरंच, किती कमी वाजवतो.

तुम्ही ऐकणार असाल तर आधी 'स्टीमबोट व्हिसल ब्लूज', मग ऑप्रीवालं. हेडफोन लावून, आणि पहिल्यांदा फक्त बास ऐका. 'बूगी' कुणी पूर्ण ऐकलं तर मला कळवा, आणि आई काय म्हणाली तेही.